सर्वानुमते

सहावीच्या वर्गात मी 22 वर्षं ग्रामसभा शिकवली. 73वी घटनादुरुस्ती, 24 एप्रिल 1993पासून तिचा अंमल, गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य, गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जे कमी असेल ते. हे मुलांकडून घोकून घेतलं. त्या सगळ्या वर्षांत आमच्या गावच्या एकाही ग्रामसभेला मी गेलो नाही.

पंचायतीचा शिपाई वही घेऊन घरी यायचा. "गुरुजी, कोरम भरंना, तेवढी सही द्या." मी द्यायचो. त्याला चहा द्यायचो. यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. चार जणांनी आधीच ठरवलेलं तिथं वाचून दाखवतात, बाकीचे माना डोलावतात. शहाण्या माणसानं त्यात वेळ घालवू नये, असं माझं ठाम मत होतं. पारावर ते मी बोलूनही दाखवायचो.

निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घराला वारस नोंद लावायची होती. नमुना आठच्या उताऱ्यासाठी पंचायतीत गेलो. ग्रामसेवक दप्तर शोधत होते, तोवर टेबलावरची इतिवृत्ताची वही मी सहज उघडली. दोन वर्षांपूर्वीच्या सभेचं पान निघालं. ठराव होता शाळेसमोर कमान बांधण्याचा. त्या कमानीवर मी दोन वर्षं जळफळत होतो. एसटी थांब्यापासून वरच्या वस्तीपर्यंतचा रस्ता अंधारात, शेवटच्या गाडीनं उतरलेल्या कॉलेजच्या पोरी एकमेकींचा हात धरून चालतात आणि गावाच्या पैशातून कमान होते, हे मी भेटेल त्याला सांगत होतो. ठरावाच्या शेवटी लिहिलं होतं, 'सर्वानुमते मंजूर'. शेजारी हजेरीपत्रक. सहाव्या ओळीत माझी सही.

घरी आलो तरी ती ओळ डोळ्यांसमोरून जाईना. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो. देवाजी तोफांच्या त्या गावात सगळ्यांची सहमती होईपर्यंत निर्णय घेत नाहीत. कुणाला पटत नसेल तर चर्चा पुढच्या बैठकीत पुन्हा सुरू होते. सर्वसहमती म्हणजे केवढा धीर, हे पोरांना पटवून देताना माझा आवाज चढायचा. आणि आमच्या गावातलं 'सर्वानुमते' माझ्या ओट्यावर, चहाच्या कपाबरोबर तयार होत होतं. कमान चार जणांनी ठरवली, हे खरं असेलही. पण गावाची म्हणून तिला जी संमती लागली, ती मी दिली होती.

15 ऑगस्टला झेंडावंदनानंतर मी पहिल्यांदा सभेला बसलो. माणसं मोजली तर 47. सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्ती लागत नाही, हे नियम म्हणून मला पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र आठवड्यानंतर कळला. त्या दिवशी तर आम्ही चाळीससुद्धा नव्हतो आणि साऱ्या गावाचे ठराव आम्हीच करत होतो. घरी बसलेला माणूस निर्णय थांबवत नाही, तो आपला वाटा उरलेल्यांच्या हाती देतो.

सभा काही आदर्श नव्हती. बायका दाराबाहेरच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, खुर्च्यांवर पुरुष. दोघं-तिघंच पुन्हा पुन्हा बोलत होते. पण ऐकण्यासारखंही पुष्कळ होतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चावे लागत, तिथं पंचायतीला मनमानी करता येत नसे, हे ग्रामसेवकांनी आकड्यांसह सांगितलं. 'पैसे खाल्ले' म्हणून मी ज्या कामांबद्दल बोलत आलो होतो, त्यांतली दोन तरी या नियमात अडकलेली होती. न विचारता केलेल्या त्या आरोपांचं मला आजही वाईट वाटतं.

मग महिला सभेचा ठराव वाचायला घेतला. दिव्यांचाच होता. सरपंच म्हणाले, "बघू, पुढच्या वर्षी धरू." पायरीवरून एक बाई उठल्या. त्यांची नात माझ्या हाताखाली शिकलेली. म्हणाल्या, "बघू म्हनू नका दादा, लिवून घ्या. कुठनं कुठवर, त्ये बी लिवा."

मी उभा राहिलो. वर्गात कधी पाय थरथरले नाहीत, तिथं थरथरले. "कमानीच्या ठरावावर माझी सही आहे," मी म्हणालो, "ती मी सभेला न येता केली होती. या ठरावाला मात्र इथं बसून माझा पाठिंबा आहे." कुणी काही बोललं नाही. खुर्चीवरच्या दोघांनी खाली पाहिलं. त्यांच्याही सह्या तशाच असाव्यात.

ठराव लिहिला गेला: एसटी थांबा ते वरची वस्ती, नऊ दिवे, याच वर्षीच्या ग्रामनिधीतून. एकानं विरोध नोंदवला, म्हणून 'बहुमताने'. वही माझ्यापुढे आली तेव्हा मी सगळा ठराव वरपासून खालपर्यंत वाचला. 'वस्ती'च्या आधी 'वरची' राहिलं होतं. ते घालून घेतलं आणि मग सही केली.