हनौमाचीं पोवळीं

पॅसिफिक महासागरांतील हवाई बेटांपैकीं ओआहू या बेटावर, होनोलुलु शहराच्या पूर्वेस, हनौमा नांवाची खाडी आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखाची एक भिंत समुद्रानें फोडली व आंत पाणी शिरलें. तीच ही खाडी. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तेथें गेलों. खालीं उतरण्यापूर्वीं प्रवाशांस एक लहानसा बोलपट दाखवितात. पोवळ्यांवर पाय देऊं नये, हा त्याचा मुख्य उपदेश. आठवड्यांतून दोन दिवस खाडी माणसांस बंद असते.

संस्कृतांत ‘प्रवाल’ शब्दाचे अर्थ दोन: पोवळें आणि कोवळी पालवी. त्याची सार्थता येथें पटते. पोवळें हा प्राणी खरा. परंतु त्याच्या देहांत सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानास पोसतें. पाणी फार तापलें कीं हें शैवाल निघून जातें व पोवळें पांढरें पडतें. हवाईंत २०१४ व २०१५ सालीं असें झालें.

किनाऱ्यावर जो तो अंगास उन्हाचें मलम चोपडीत होता. अशा कांहीं मलमांत ऑक्सिबेन्झोन नांवाचें द्रव्य असतें. तें अतिनील किरण शोषून त्यांची निरुपद्रवी उष्णता करतें व आपली त्वचा वांचवितें. २०२२ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं समुद्रफूल या पोवळ्याच्या आप्तावर प्रयोग केले. हें द्रव्य शरीराबाहेर टाकतां यावें म्हणून तो प्राणी त्यास साखरेचा रेणू जोडतो. त्या जोडणीनें द्रव्य पाण्यांत विरघळूं लागतें. पण किरणांची उष्णता करण्याची त्याची शक्ति जाते आणि उन्हांत तेंच विष बनतें. शैवाल त्या विषाचा बराच भाग आपल्याकडे घेतें. म्हणून आधींच पांढऱ्या पडलेल्या पोवळ्यांस धोका अधिक.

हवाई सरकारनें २०१८ सालीं कायदा केला. त्यान्वयें १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेलीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास तेथें बंदी आहे. बंदी विक्रीस आहे. प्रवाशानें घरून आणलेली नळी ती अडवूं शकत नाहीं.

पोवळ्यांचा मुख्य शत्रु तापणारा समुद्र, आणि तो निवविणें एकट्यादुकट्याच्या हातचें नव्हे. मलमाची निवड मात्र ज्याच्या त्याच्या हातीं आहे. आपल्या मालवणच्या समुद्रांतही पोवळीं आहेत व तीं पाहण्यास लोक पाण्यांत उतरतात. तेथें जाणाऱ्या वाचकांनीं लांब बाह्यांचा सदरा घालावा, भर दुपारचें ऊन टाळावें, आणि मलम लागलेंच तर डबीवरील द्रव्यांचीं नांवें वाचून मगच घ्यावें.