सीटखालचा चिखल

बटण दाबले की पुढे-मागे आणि वर-खाली होणारी गाडीची सीट पाहिली, की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘चोचले’. हाताने खटका ओढून सीट सरकत असताना मोटर कशाला हवी, असे अनेकांना वाटते. पण ज्या घरात एकच गाडी सहा फुटी दीर आणि पाच फुटी भावजय दोघेही चालवतात, त्या घरात ही सोय चैनीची राहत नाही. आणि ती बिघडली, तर हाताने ओढायचा खटका त्या सीटला नसतोच.

आम्ही म्हणजे खेड तालुक्यातल्या एका घरातल्या दोघी जावा. दोघींचे नवरे आखातात नोकरीला आहेत. घरी अब्बा, अम्मी आणि मुले. अब्बांचे आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिस असते. गाडी आमच्यापैकी धाकटी चालवते आणि थोरली मागे अब्बांजवळ बसते. धाकटे दीर सुट्टीवर आले की महिनाभर गाडी त्यांच्या ताब्यात असते. गेल्या पावसाळ्यात सुट्टी संपवून ते परत गेले आणि सीट त्यांच्या उंचीप्रमाणे अगदी मागे राहिली. दुसऱ्या दिवशी बटण दाबले, तर सीट हलेना. पुढे नाही, मागे नाही, वरही नाही. पाय ब्रेकपर्यंत पोहोचेना आणि डायलिसिसला मध्ये एकच दिवस.

पाठीमागे उशी घेऊन चालव, असा सल्ला शेजारून आला. तो ऐकू नये, हे आधी सांगतो. जोरात ब्रेक दाबताना उशी दबते, अंग मागे जाते आणि पाय नेमका तेव्हाच उणा पडतो. सीटबेल्टही अंगाला नीट बसत नाही. उलट फार पुढे बसणेही बरे नाही. स्टीअरिंगच्या मध्यापासून छातीपर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर असावे, म्हणजे एअरबॅग उघडली तर तिच्यापासूनच इजा होण्याचा धोका कमी होतो. म्हणून त्या खेपेला आम्ही रिक्षा ठरवली. जाताना-येताना खड्ड्यांत अब्बांचे जे हाल झाले, ते पाहून हे काम लांबवायचे नाही असे ठरले.

कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला. त्यांनी गाडी न पाहताच सांगितले, ‘सीटची खालची फ्रेम मोटरसकट बदलावी लागेल.’ सांगितलेली रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याइतकी होती. घरातला पैसा परक्या मुलखात घाम गाळून आलेला. बिघाड कुठे आहे हे कळण्याआधी तो खर्च करणे म्हणजे इस्राफच. तेव्हा आधी आपण समजून घेऊ, मग हात खिशात घालू, असे आम्ही ठरवले.

या सीटची रचना ऐकायला वाटते तितकी अवघड नाही. सीटखाली लहान मोटरी असतात. एक पुढे-मागे सरकवते, एक उंची बदलते, एक पाठ कलती करते. प्रत्येक मोटरला दोन वायरी. बटण एका बाजूला दाबले की वीज एका दिशेने जाते आणि मोटर सुलट फिरते. दुसऱ्या बाजूला दाबले की तीच वीज उलट दिशेने जाते आणि मोटर उलट फिरते. मोटरच्या पुढे गिअर आणि लांब स्क्रू असतो, तो सीटला पट्ट्यांवरून सरकवतो. वीज बॅटरीतून निघते, फ्यूजमधून जाते, सीटखालच्या कपलरमधून स्विचकडे आणि तिथून मोटरकडे. बिघाड या वाटेवर कुठेतरी असतो. कुठे, ते सीटच सांगते.

एकच हालचाल बंद असेल आणि बाकीच्या चालू असतील, तर दोष त्या एका मोटरचा किंवा स्विचच्या त्या भागाचा. मोटरचा आवाज येतो पण सीट हलत नसेल, तर वीज पोहोचते आहे, गिअर झिजला आहे किंवा जोडणी तुटली आहे. सीट तिरकी सरकत असेल, तर एका बाजूची पट्टी अडकली आहे. मुलांच्या घरात तिथे नाणे, पेन्सिल, खजुराची बी असे काहीही सापडते. आणि सगळ्याच हालचाली एकदम बंद असतील, तर सगळ्या मोटरी एकाच दिवशी कशा जळतील? तेव्हा दोष सगळ्यांच्या सामाईक वाटेवर शोधायचा, म्हणजे फ्यूज, अर्थिंग किंवा कपलर. आमची सीट या शेवटच्या प्रकारातली होती. म्हणजे मोटरसकट फ्रेम बदलण्याची घाई करू नये, हे बिनखर्चात कळले.

मगरिबनंतर अंधारात आम्ही आणखी एक परीक्षा केली. गाडीतला छताचा दिवा लावला. एकीने बटण दाबून धरले, दुसरीने दिव्याकडे पाहिले. बटण दाबताच दिवा किंचित मंद झाला, तर मोटर वीज ओढते आहे पण कुठेतरी जाम आहे असे समजावे. दिवा जसाच्या तसा राहिला आणि सीटखालून ‘टक’ असाही आवाज आला नाही, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. आमचा दिवा जराही हलला नाही.

मग फ्यूज पाहिला. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात कोणता फ्यूज कशाचा, याचा तक्ता असतो. आमच्या सीटचा फ्यूज 30 अँपिअरचा, हिरव्या रंगाचा. तो काढून उजेडात धरला तर आतली तार शाबूत होती. तरी खात्रीसाठी तेवढ्याच अँपिअरचा दुसरा लावून पाहिला. इथे एक गोष्ट भगिनींनी लक्षात ठेवावी. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार कधीही लावू नये. फ्यूज जळायचा थांबतो, पण मग जळते ती वायर, आणि तिच्यासोबत गाडी.

राहिला कपलर. बॅटरी लावून सीटखाली टॉर्च मारला. वायरींचे दोन-तीन कपलर दिसले, त्यांतला एक पिवळा. पिवळा रंग म्हणजे एअरबॅगची किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेची वायर. तिला घरच्या माणसाने हात लावायचा नाही. दुसऱ्या एका कपलरच्या तोंडाशी मात्र शेवाळासारखा हिरवा थर दिसला आणि पट्ट्यांच्या खाचेत वाळलेला चिखल. आमचे काम इथे संपले. पुढचे काम जाणकाराचे.

बाजारपेठेत गाड्यांचे वायरिंग करणारे एक वयस्क काका आहेत. सकाळी ते टेस्ट लॅम्प आणि मीटर घेऊन घरी आले. आमची हकिगत ऐकून म्हणाले, ‘वहिनी, अर्धे काम तुम्हीच केलेत.’ त्यांनी बॅटरीची वायर सोडली, थोडा वेळ थांबले आणि मग तो हिरवा कपलर उघडला. आतली एक पिन खाऊन गेली होती. फ्यूज बसवलेल्या वेगळ्या वायरीने त्यांनी मोटरला थेट 12 व्होल्ट दिले. सीट कण्हत, हळूहळू, पण पुढे आली. मोटर चांगली आहे हे सिद्ध झाले. मग त्यांनी नवा कपलर जोडला, सांधे झाळले, त्यावर स्लीव्ह चढवली, पट्ट्यांतला चिखल ब्रशने काढला आणि नवे ग्रीस लावले. दुपारच्या नमाजीआधी सीट बटणावर चालू लागली. अल्हम्दुलिल्लाह. त्यांनी घेतलेली मजुरी वर्कशॉपने सांगितलेल्या रकमेपुढे काहीच नव्हती.

जाताना मात्र काका थांबले. ‘हा चिखल चपलेचा नाही,’ ते म्हणाले. ‘चपलेचा चिखल वर राहतो. हा खालून आला आहे.’ त्यांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोजच्या वापरात जो भाग आतच गुंडाळलेला राहतो, त्यावर मातकट रेघ होती. डिकीतली स्टेपनी काढली, तिच्या खड्ड्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ. सीटच्या बोल्टांवर गंज. गाडी कधीतरी पाण्यात उभी होती.

कोकणात हे वाक्य ऐकून कुणाला नवल वाटणार नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारात शिरले तेव्हा गाड्या छपरापर्यंत बुडालेल्या आपण पाहिल्या. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईत तेच झाले. पूर ओसरला की अशा काही गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून पुन्हा बाजारात येतात. त्या लगेच बंद पडत नाहीत. पाणी जाते, पण कपलरमध्ये ओल राहते, धातूवर हिरवा थर चढत जातो आणि वर्षा-दोन वर्षांनी एक-एक जोड सुटू लागतो. सीटच्या मोटरी आणि वायरी जमिनीलगत असतात, म्हणून त्या आधी बोलतात. आमची गाडी दुसऱ्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली. कागदपत्रे पूर्ण होती, इंजिन चांगले होते. पाण्याबद्दल त्याने अवाक्षर काढले नव्हते.

घरात राग आला, हे खरे. पण त्याहून मोठा प्रश्न पुढे आला. दिरांनी आधीच ठरवले होते की ही गाडी विकून अब्बांना चढायला-उतरायला सोपी अशी गाडी घ्यायची. गिऱ्हाईकही तयार होते, शेजारच्या गावातले एक शिक्षक. त्यांनी बयाणाही दिला होता. आप्तांपैकी एकजण म्हणाले, ‘सीट चालू झाली ना? मग जुने कशाला उकरायचे? आपल्यालाही कुणी सांगितले नव्हते.’

अब्बा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी आम्हाला जवळ बसवून ती प्रसिद्ध हकिगत सांगितली. मदिनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. अब्बा म्हणाले, ‘पाऊस पडणे हा त्या माणसाचा गुन्हा नव्हता. ओले खाली ठेवणे हा होता.’

ही हकिगत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण कोरड्या मॅटखाली ओल्या वायरी पाहिल्यावर तिचा अर्थ नव्याने कळला. आपल्याला कुणी फसवले म्हणून पुढच्याला फसवण्याचा परवाना मिळत नाही. शरियतमध्ये मालातला ऐब लपवून विकला असेल तर खरेदीदाराला माल परत करण्याचा हक्क दिला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. कुरआनातली 83वी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांबद्दलच्या इशाऱ्यानेच सुरू होते. आणि गाडीच्या बाबतीत प्रश्न फक्त पैशाचा नाही. पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल बॉक्सही मधोमध, जमिनीलगत बसवलेला असतो. ज्या पाण्याने सीटचा कपलर खाल्ला, त्याने तोही खाल्ला असेल तर? अपघाताच्या क्षणी त्या शिक्षकांच्या मुलांना त्याची किंमत मोजावी लागेल.

आम्ही शिक्षकांना घरी बोलावले आणि सगळे दाखवले. जुना कपलर, सीटबेल्टवरची रेघ, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ. त्यांनी चहा घेतला, आभार मानले आणि व्यवहार मोडला. आम्ही बयाणा पूर्ण परत केला. नवी गाडी लांबली. दीर फोनवर क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बरे केलेत.’ त्या गप्प राहण्यात किती महिन्यांचा ओव्हरटाइम होता, ते आम्हाला ठाऊक आहे.

गाडी आमच्याकडेच आहे. एअरबॅगची यंत्रणा मशीन लावून तपासून घेतली, दोष निघाला नाही. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो की नाही, हे रोज पाहतो. तो लागूनच राहिला किंवा लागलाच नाही, तर तपासणी करून घ्यायची. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक घराने इंजिनाआधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, स्टेपनी उचलावी, मॅटखाली हात घालावा आणि सीटची सगळी बटणे दोन्ही बाजूंना दाबून पाहावी. या तपासणीला दहा मिनिटे पुरतात.

आता गाडीच्या फाइलमध्ये एक कागद आहे. त्यावर आम्ही लिहिले आहे: गाडी पाण्यात भिजलेली आहे. चालकाच्या सीटचा कपलर बदलला, मोटर जुनीच, पट्ट्यांना ग्रीस लावले. खाली काकांच्या पावतीची प्रत लावली आहे. जो कुणी पुढे ही गाडी घेईल, त्याच्या हातात किल्लीच्या आधी हा कागद पडेल, इन्शाअल्लाह.