वीस मीटर तार

एकेकाळी घरात रेडिओ आला की त्याच्यासोबत एरियलही यायची. तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळीदार पट्टी बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली असे, तिच्याखाली देवांच्या आणि पूर्वजांच्या तसबिरी, आणि कोपऱ्यातल्या फळीवर विणकामाचं झाकण घातलेला तो मोठा संच. गाणी ऐकायच्या त्या साध्या रेडिओलाही टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि एरियल खोलीतून गच्चीवर गेली, ॲल्युमिनियमच्या नळ्यांची झाली. मग केबल आली, मग तबकडी. आता ती मोबाइलच्या पोटात इतकी दडून बसली आहे की ती आहे हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. एका माणसाच्या आयुष्यात हे सगळं घडून गेलं. सोसायटीतला एखादा रहिवासी आज गच्चीवर तार बांधू का असं विचारतो, तेव्हा शेजाऱ्यांना ती मागणी चमत्कारिक वाटते, याचं कारण हेच. तारेची ओळखच पुसली गेली आहे.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सगळे हॅम रेडिओ म्हणतात तो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी नव्हेच, असा एक समज या छंदातल्या लोकांमध्येही पक्का आहे. अंगण हवं, मनोरा हवा, नाहीतर निदान दोन उंच माड तरी हवेत. मला हा समज मुळातच चुकीचा वाटतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीत या सेवेची जी व्याख्या आहे तिच्यात पहिलं स्थान स्वशिक्षणाला आहे. परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोध त्यानंतर येतात, आणि हे सारं पैशाच्या लाभाशिवाय करायचं असतं. व्याख्येतल्या या क्रमाला काही अर्थ असेल, तर जिथे शिकल्यावाचून एकही शब्द बाहेर जात नाही ते स्टेशन या सेवेच्या गाभ्याशी सर्वांत जवळ आहे. असं स्टेशन दोन खोल्यांच्या घरात असतं.

तारेची लांबी हा हौसेचा प्रश्न नाही, तो लहरीच्या लांबीशी बांधलेला आहे. सात मेगाहर्ट्झवर लहर चाळीस मीटरची, म्हणून मधोमध कापून दोन्हीकडे ताणलेली अर्ध्या लहरीची तार सुमारे वीस मीटर भरते. चौदा मेगाहर्ट्झला दहा मीटर पुरते, अठ्ठावीसला पाच. मधल्या आकाराच्या इमारतीच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत वीस मीटर सहज मिळतात. बाल्कनीत मात्र मिळत नाहीत, आणि खरं शिक्षण तिथून सुरू होतं. तांब्याची जाड नळी वाकवून मीटरभर व्यासाचं कडं करायचं आणि त्याची दोन टोकं फिरत्या कपॅसिटरला जोडायची, म्हणजे चौदा मेगाहर्ट्झवर चालणारा लूप अँटेना तयार होतो. लहरीच्या मानाने हे कडं इतकं लहान, की त्याचा प्रारण-रोध, म्हणजे शक्ती लहरी होऊन बाहेर जाण्याचं माप, ओहमच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. त्यामुळे सांध्यातला, डाखातला, नळीच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक अंशमात्र रोध आपल्या शक्तीचा वाटेकरी होतो. वायर बारीक घेतली की निम्म्याहून अधिक शक्ती उष्णता होऊन जाते. मनोऱ्यावर भला मोठा अँटेना चढवणाऱ्याला हे आयुष्यभर कळलं नाही तरी चालतं. बाल्कनीतल्या माणसाला पहिल्याच महिन्यात कळावं लागतं. या कड्याची जुळणी फार टोकदार असते, वारंवारता थोडी सरकवली की कपॅसिटर पुन्हा फिरवायचा. आणि त्या कपॅसिटरवर शंभर वॅटला काही हजार व्होल्ट उभे राहतात, पाच वॅटलासुद्धा हजाराच्या घरात जातात, म्हणून तो लहान मुलांच्या हाताला लागता कामा नये.

पाच वॅटचा उल्लेख मुद्दाम केला. शंभर वॅटवरून पाच वॅटवर आलं की शक्ती वीसपट घटते. ऐकणाऱ्याच्या काट्यावर मात्र फरक दोन खुणांपेक्षा किंचित जास्त दिसतो, कारण कान आणि काटा दोन्ही गुणोत्तराने मोजतात. मोर्सची टिकटिक आवाजाच्या मानाने फार अरुंद पट्ट्यात मावते, म्हणून तेवढ्याच शक्तीत ती कितीतरी दूर पोचते. पल्सरच्या संशोधनासाठी १९९३चं भौतिकीचं नोबेल मिळवणारे जो टेलर स्वतः हौशी आहेत. त्यांनी स्टीव्ह फ्रँकी यांच्यासोबत २०१७मध्ये आणलेली एफटी-८ ही पद्धत कानाला ऐकूही न येणारा संकेत पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांत उलगडते. आणि आपल्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सहा वॅटचा संच रचून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. महागड्या फेराइट कड्यांऐवजी नळाच्या वायसरवर गुंडाळ्या घालून तो चालतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांत, स्वयंपाकघराच्या ओट्याएवढ्या जागेत देशोदेशी पोचणारा संच उभा राहू शकतो, हे ज्याला श्रीमंती वाटत नाही त्याला मला फार काही सांगता येणार नाही.

उंचीचाही विचार करा. अंगणवाल्याला मनोरा उभारावा लागतो, दहाव्या मजल्यावरच्याला तो बिल्डरने आधीच बांधून दिलेला असतो. १४५ मेगाहर्ट्झवर पाव लहर म्हणजे अर्ध्या मीटरची सळई. तीस मीटर उंचीवरून क्षितिज वीस किलोमीटरच्या आसपास जातं आणि या लहरी जवळपास क्षितिजापर्यंतच धावतात. ग्रीलच्या बाहेर काढलेली एक सळई निम्मं शहर व्यापते.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो जागेचा नाही, गोंगाटाचा आहे. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, चार्जर, वायफायचा डबा, लिफ्टची मोटर, इन्व्हर्टर, सगळे मिळून लघुलहरींवर सतत खरखर पसरतात. तुमचं बोलणं परदेशात पोचतं आणि त्यांचं उत्तर तुमच्याच भिंतीतल्या आवाजात बुडतं. यावर पूर्ण इलाज नाही. संच बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करायचा आणि मग एकेक एमसीबी वर करत गुन्हेगार शोधायचा, केबलवर फेराइटची कडी चढवायची, आणि लूप हळूहळू फिरवत तो आवाज सर्वांत कमी कुठे होतो ती दिशा पकडायची. आपला गोंगाट निस्तरता येतो. शेजाऱ्याचा निस्तरायला आधी शेजाऱ्याशी बोलावं लागतं. शेजाऱ्याची भीती निराळी असते, किरणोत्साराची. या लहरी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावू शकत नाहीत, त्यांचा ज्ञात परिणाम उष्णतेचा, आणि तो अंतराबरोबर झपाट्याने उतरतो. तरीही लूप पलंगाला खेटून ठेवू नये आणि शेजाऱ्याला मोजमाप दाखवायला कचरू नये. त्याचा प्रश्न अज्ञानाचा म्हणून झटकणं मला उद्धटपणाचं वाटतं.

मोबाइल असताना हे कशाला, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईच्या मोठ्या भागात मोबाइल मुके झाले. त्याआधी सातच महिने, २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीच्या वेळी, भारती प्रसाद हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या; मोहीम बाजूला ठेवून त्यांनी त्याच संचावरून अंदमानची खबर मुख्य भूमीला कळवली. माणसं मोठ्या संख्येने जिथे राहतात तिथेच संकटात निरोपांची गरज पडते, आणि शहरात माणसं फ्लॅटमध्ये राहतात. शहराबाहेरच्या फार्महाउसवरचं स्टेशन कितीही ताकदवान असलं तरी पाण्याने वेढलेल्या इमारतीच्या उपयोगी पडणार नाही. मुंबईच्या घरांना हे नवंही नाही. १९४२च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर चालवला तो याच शहरातल्या राहत्या इमारतींमधून, जागा पुन्हा पुन्हा बदलत. त्याचं प्रक्षेपक यंत्र उभारणारे नरिमन प्रिंटर हे युद्धापूर्वीचे हौशी होते. पुढे तेच पोलिसांना फितूर झाले, हेही त्याच इतिहासात आहे.

आज परीक्षा देऊन, केंद्र सरकारचा परवाना घेऊन हे उघडपणे करता येतं. बाराव्या वर्षापासून परीक्षेला बसता येतं. तुमच्या सोसायटीच्या सभेत असा एखादा अर्ज आला तर तो पुढच्या सभेवर ढकलू नका. परवान्याची प्रत मागा, तार विजेच्या वायरींपासून लांब आणि माणसाच्या डोक्याच्या वर राहील असं लिहून घ्या, पावसाळ्याआधी गाठी तपासायची जबाबदारी त्याच्यावर टाका, आणि जिन्याच्या खोलीपासून पाण्याच्या टाकीपर्यंतची ती वीस मीटर जागा त्याला द्या.