अडेअर

लिमरिकहून केरीला जाताना तुम्ही अडेअरला थांबला असालच. गवताने शाकारलेली घरं, पुढे फुलं. मुलं म्हणतात, हे तर इंग्लंड! खरंच, डनरेवन जमीनदाराने 1820च्या दशकात ही घरं तशीच बांधवली. (फोटोला छान, पण कॉफी महाग.) 1464चा फ्रान्सिस्कन मठ मेग नदीकाठी, चक्क गोल्फच्या मैदानात पडीक उभा आहे. मला मात्र पाटीवरचं तिरप्या अक्षरांतलं आयरिश नाव आवडतं: 'आ दारा', म्हणजे ओकवृक्षाजवळचा नदीउतार. आपल्या पिंपळगाव, वडगावसारखंच की! हा अर्थ लेकीने सांगितला, ती शाळेत आयरिश शिकते. पिंपळगावची पाटी मात्र तिला अजून अडखळतच वाचावी लागते.