सख्खा भाचा आणि भाडेकरार

रेडिंगला आमच्या घरात वरच्या मजल्यावर, मागच्या बाजूला एक छोटी खोली आहे. 2017 पासून तिथे एकामागून एक तीन विद्यार्थी पेइंग गेस्ट म्हणून राहून गेले. 'रेन्ट अ रूम' योजनेत वर्षाला 7,500 पौंडांपर्यंतच्या भाड्यावर कर नाही, त्यामुळे आम्हीही खूश होतो. गेल्या वर्षी त्या खोलीत आमच्या ताईचा मुलगा राहायला आला.

वय 33, लग्न व्हायचंय. एकटाच फ्लॅट घेऊन राहायचा. कंपनीने माणसं कमी केली, त्यात याची नोकरी गेली. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेला असल्याने सरकारी मदत मागायचा त्याला हक्क होता. (आम्ही 2001 साली एम.एस्सी.साठी लीड्सला आलो तेव्हा तो हक्क आम्हाला नव्हता. आजही विद्यार्थी किंवा नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये, व्हिसाच धोक्यात येतो.)

पूर्वी याला हाउसिंग बेनिफिट म्हणत. आता कामाच्या वयातल्या बहुतेकांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच मिळते. त्यात मेख अशी की, खाजगी घरात भाड्याने राहणारी एकटी व्यक्ती 35 वर्षांच्या आतली असेल, तर तिला सहसा शेअर्ड घरातल्या एका खोलीच्याच दराने मदत. मग ती अख्ख्या फ्लॅटचं भाडं का भरत असेना! ही वयाची अट आधी 25 होती, जानेवारी 2012 पासून 35 झाली. अपंगत्वासारखे काही अपवाद आहेत, पण आमचा भाचा ठणठणीत. फ्लॅट सोडण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मामाचं घर असताना खोली कसली शोधतोस?" असं म्हणून आम्ही त्याला घेऊन आलो. भाड्याचं नाव काढलं तेव्हा सौ. तर रागावलीच. त्याने अर्ज केला. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागले, आणि आले ते भाड्याचा भाग वगळून. बरोबरच होतं म्हणा. भाडंच देत नाही, तर भाड्याची मदत कशाची?

मग घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. पोरगा जेवायच्या वेळी बाहेर जाऊ लागला. फ्रिजमध्ये न सांगता दूध-भाजी येऊन पडू लागली. एके रात्री म्हणाला, "मामा, स्लाउला एक खोली बघितलीय. तिथे निदान मी भाडेकरू तरी असेन." त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

शेवटी आम्ही विचारलं, आम्हालाच भाडं दिलंस तर? नियम वाचले. त्याच घरात राहणाऱ्या आईवडील, भावंडं अशा जवळच्या नातेवाइकाला भाडं दिलं तर मदत मिळत नाही. त्या यादीत मामा नाही! इंग्रजांच्या कायद्यात मामा परका, हे कळल्यावर सौ. कितीतरी वेळ हसत होती. मात्र व्यवहार खरा हवा. केवळ मदत उकळण्यासाठी कागदोपत्री भाडं दाखवणं म्हणजे सरळ फसवणूक.

आम्ही लेखी करार केला, भाडं आधीच्या विद्यार्थ्याइतकंच. 2016 पासून इंग्लंडमध्ये घरमालकाने भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासायचा असतो, म्हणून सख्ख्या भाच्याकडे शेअर कोडसुद्धा मागितला. त्याने तो इतक्या गंभीरपणे दिला की आम्हीच खाली बघितलं.

पुढे चौकशी झाली. भाडं आधी नव्हतं, मग आता का, हा प्रश्न रास्तच होता. आम्ही जुने करार, बँकेची स्टेटमेंट्स पाठवली. त्यात एक प्रश्न असा होता: भाडेकरूने भाडं थकवलं तर तुम्ही काय कराल?

भाचा टेबलापलीकडे बसला होता. आम्ही पेन हातात घेऊन नुसतेच बसलो. तोच म्हणाला, "लिहा मामा, खोली दुसऱ्याला देऊ म्हणून. खरंच द्यायची."

लिहिलं. मदत मंजूर झाली. आता त्याच्या खात्यात पैसे आले की दोन दिवसांत आमच्या खात्यात भाडं येतं, आणि तो पुन्हा आमच्याबरोबर जेवतो.

सांगलीहून ताईचा फोन आला होता. "सख्ख्या भाच्याकडून भाडं घेतोस?" आम्ही सगळं समजावून सांगितलं, वयाच्या अटीपासून. ती ऐकून घेऊन म्हणाली, "ते असू दे. त्याला फोन दे."