अब्बांची चोवीस इंजेक्शनं

२००६ साली आम्ही ठाकूरद्वारला एका चाळीत राहत होतो. चाळीत मुसलमानांचं बिऱ्हाड आमचं एकच. त्या वर्षी अब्बांना हेपटायटिस सी निघाला. जुन्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आला असावा. इलाज होता आठवड्याला एक याप्रमाणे चोवीस इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि सोबत रिबाविरिनच्या गोळ्या. इंजेक्शन फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे असायचं. शुक्रवारी जुम्याहून आल्यावर अब्बा ते घ्यायचे आणि रात्री थंडी वाजून ताप भरायचा. ताप येईल, केस गळतील, रक्त कमी होईल, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. मनाचं काय होईल याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

सहासात इंजेक्शनं झाली आणि अब्बा गप्प झाले. एरवी नाक्यावर दूध आणायला गेले तर तासाने परतणारा माणूस! अनंत चतुर्दशीला गॅलरीतली कठड्याजवळची खुर्ची त्यांची ठरलेली. चौपाटीकडे निघालेले गणपती मोजत बसायचे. त्या वर्षी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. शेजारच्या काकू प्रसाद घेऊन आल्या, तरी वळून पाहिलं नाही. जुलैत लोकलमध्ये स्फोट झाले होते, त्याचा धसका घेतला असेल असं चाळीत म्हणत. नातेवाईक म्हणाले, नजर लागली.

मी त्याहून वाईट बोललो. रमजानमध्ये एका रात्री अब्बा म्हणाले, "मी गेलो तर सुटाल सगळे." मी चिडून म्हणालो, "मायूसी कुफ्र आहे, अब्बा. तुमचं इमान कुठे गेलं?" ते काही बोलले नाहीत. उठून वजू करून नमाजला उभे राहिले. पाय लटपटत होते.

डिसेंबरात शेवटचं इंजेक्शन झालं. जानेवारी संपता संपता जिन्यावर त्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. घर तेच, दुवाही त्याच. बंद झालं होतं ते फक्त औषध. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढे वाचनात आलं. इंटरफेरॉन आपल्याच पेशी बनवतात. विषाणू शिरला की प्रतिकारशक्तीला जागं करणारा तो निरोप असतो. हाच निरोप मेंदूलाही पोहोचतो. फ्लूत जेवण नको होतं, माणसं नकोशी होतात, पांघरूण ओढून पडावंसं वाटतं, ते यामुळेच. दोनचार दिवसांसाठी हे शहाणपणाचं आहे, शरीर ताकद राखून ठेवतं. अब्बांना हा निरोप सहा महिने दर शुक्रवारी जात होता. शिवाय ज्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो, ते अशा वेळी दुसऱ्याच वाटेला वळवलं जातं.

२००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर मी दोनदा वाचला. त्वचेच्या कॅन्सरसाठी इंटरफेरॉन घेणारे ४० रुग्ण. निम्म्यांना आधीपासून नैराश्यावरची गोळी दिली, निम्म्यांना नुसतीच दिसायला गोळी. दुसऱ्या गटात ४५ टक्क्यांना तीव्र नैराश्य आलं, पहिल्या गटात ११ टक्क्यांना.

म्हणून प्रत्येक उदासीचं मूळ प्रतिकारशक्तीत आहे असं नव्हे. 'सूज घटवा, उदासी पळवा' असे हळदीचे निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतात, ते सोडून द्या. २०१३ साली नैराश्याच्या ६० रुग्णांवर सूज दाबणारं इन्फ्लिक्सिमॅब वापरून पाहिलं. एकूण गटाला फायदा झाला नाही. ज्यांच्या रक्तात सूज मुळातच जास्त होती, त्यांनाच थोडा झाल्याचं दिसलं.

हेपटायटिस सी आता बहुधा नुसत्या गोळ्यांनी बरा होतो, इंटरफेरॉन मागे पडलं. पण दुसऱ्या कुठल्या औषधावर असलेला तुमच्या घरातला माणूस अब्बांसारखं बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

हे सगळं मी एकदा अब्बांना गॅलरीत बसून वाचून दाखवलं. माफीही मागितली. त्यांनी विचारलं, "हे तेव्हा माहीत होतं लोकांना?"

"हो. पाच वर्षं आधीपासून."

"मग डॉक्टरला विचारायचं होतंस," अब्बा म्हणाले. "नमाज तर मी पढतच होतो."