सीताफळं, डीप फ्रीजर आणि आज्जीचे वाटे

जानेवारी आला की आमच्या ऑफिसात महाबळेश्वरच्या ट्रिपा सुरू होतात. सोमवारी पॅन्ट्रीत स्ट्रॉबेरीची खोकी येतात आणि "आम्ही स्वतः तोडल्या बरं का" हे प्रत्येक जण दोनदा सांगतो. उरलेल्या फ्रीज करून ठेवायच्या, मग मे महिन्यात मिल्कशेक. छानच आहे सगळं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा मान मोठा. पण आम्ही पडलो हिंगोलीचे. आमच्याकडे सोयाबीन, हरभरा आणि वसमतकडची हळद. हौसेनं घरच्यांसोबत तोडावं असं फळ म्हणाल तर एकच, सीताफळ. औंढा नागनाथच्या बाजूला माळावर, डोंगरउतारावर, शेताच्या बांधावर ते आपलं आपण येतं. त्याला ना ठिबक, ना फवारणी.

दिवाळीला घरी गेलो की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पलटण बांधावर. बाबा, दादा, वहिनी, दादाची दोन लेकरं आणि मी. झाड ठेंगणं, त्यामुळे पोरांचाही हात पुरतो. तोडायचं कधी याचा नियम एकदम सोपा: डोळे उघडले की तोडायचं. म्हणजे खवल्यांमधल्या फटी रुंदावून पांढरट-पिवळसर दिसायला लागल्या की फळ तयार. डोळे मिटलेलं फळ तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडून दगड होतं. तयार फळ गवतात ठेवलं की दोन-चार दिवसांत मऊ. आणि मऊ झालं की संपला खेळ! आज खाल्लं नाही तर उद्या फुटलं. कच्चं फ्रीजमध्ये ठेवावं म्हटलं तर साल काळी पडते आणि आत नीट पिकत नाही.

गर टिकवणं हीसुद्धा एक भानगडच आहे. आंब्याचा रस आटवता येतो, पण सीताफळाचा गर जास्त तापवला की कडवट होतो. हवा लागली की तपकिरी पडतो, सफरचंद पडतं तसाच. त्यामुळे गोठवणं हाच खरा मार्ग. आमची पद्धत सांगतो. गर चमच्यानं काढायचा, मोठ्या भोकांच्या चाळणीवर हातानं हलके चोळून बिया वेगळ्या करायच्या. मिक्सर अजिबात नाही, बी फुटली तर सगळा गर वाया. थोडं लिंबू पिळायचं, म्हणजे रंग राहतो. मग पिशव्यांमध्ये भरून, हवा काढून, पोळीसारख्या पातळ थापून आडव्या ठेवायच्या. पातळ पिशवी लवकर गोठते, बर्फाचे कण बारीक राहतात आणि गर नंतर पाणचट होत नाही. आणि हो, बियांचे हात डोळ्यांना लावायचे नाहीत. आमच्याकडे त्यांची पूड उवांवर वापरायचे, पण डोळ्यात गेली तर फार वाईट.

तर मागच्या वर्षी दादानं डीप फ्रीजर घेतला. गावात लाईट जाते, पण फ्रीजर गच्च भरलेला असला आणि झाकण उघडलं नाही तर माल साधारण दोन दिवस तग धरतो. गणित पक्कं होतं. पहिल्या दिवशी चाळीसेक पिशव्या झाल्या. सगळे खूश. फक्त आज्जी ओट्यावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "समदं त्या पेटीतच घालायलाव का? वाटे कवा करायचे?"

वाटे म्हणजे काय, तर आमच्या गल्लीतल्या अकरा घरांना जाणारी सीताफळं. दरवर्षी जातात. दादा म्हणाला, "आज्जी, आता वाया नाही जात. वर्षभर खाऊ की." आज्जी म्हणाली, "वाया जायलं म्हून वाटत होते व्हय रे मी? कोपऱ्यावरल्या काकूच्या घरी कोण हाय तिला आणून द्यायला?"

कोपऱ्यावरच्या काकूंची दोन्ही मुलं पुण्यात असतात, माझ्यासारखीच. काकूंना आता बांधापर्यंत चालवत नाही. आणि याच काकूंकडून दर संक्रांतीला आमच्याकडे तिळाचे लाडू येतात, आई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस भाकरी आल्या होत्या. मी डोक्यातल्या डोक्यात आमच्या भाषेत मांडून बघितलं. आज्जीकडे स्टोरेज होतंच की! फक्त ते एका पेटीत नव्हतं, अकरा घरांत विभागलेलं होतं. नाशवंत माल तिथे ठेवायचा आणि गरज पडेल तेव्हा हुरडा, भाकरी, मदतीचा हात अशा कुठल्याही रूपात तो परत यायचा. लाईट गेली तरी चालणारं. फ्रीजर चांगलाच आहे, मी पुण्यात बसून मार्चमध्ये बासुंदी खातो ती त्याच्याच जिवावर. पण 'आता टिकतं' म्हटल्यावर 'देऊन टाकू' हे आपोआप मागे पडतं, आणि ते कुणी मुद्दाम करत नाही हीच अडचण आहे.

बराच वेळ वाद झाला. दादाचंही खरं होतं, विजेचं बिल तो भरतो. शेवटी बाबांनी निकाल दिला: आधी अकरा टोपल्या, मग उरेल ते पेटीत. टोपल्या कुणी भरायच्या? आज्जीनं. त्यामुळे मोठी मोठी फळं कुठे गेली हे सांगायला नको.

यंदा चाळीसच्या जागी बावीस पिशव्या झाल्या. पुण्याला ट्रॅव्हल्सनं येताना थर्माकोलच्या डब्यात सहा माझ्याबरोबर आल्या. त्यातल्या दोन मी काकूंच्या थोरल्या मुलाकडे, कोथरूडला देऊन आलो. एकाच शहरात चार वर्षं राहून त्याच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो होतो.